लिथियम बॅटरी व तिला लावावयाचा चार्जर

चालणारें यंत्र झिजतें हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु उभें राहिलेलें यंत्रहि पूर्णपणें स्वस्थ नसतें, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानांत येते. मोटारगाडी कुलूप लावून महिनाभर एका जागीं ठेवली, तरी तिच्यांतील घड्याळ चालूंच राहतें, चोराची सूचना देणारें यंत्र जागें असतें, आणि मालकाच्या खिशांतील किल्लीचा बिनतारी संदेश ऐकण्यास गाडी सदैव तत्पर असते. या सर्व पहारेकऱ्यांचें पोषण बॅटरींतील विजेवर होतें. म्हणून उभ्या गाडीची बॅटरी कणाकणानें रिकामी होत जाते. ही तूट तितक्याच संथपणें भरून काढणारें जें लहानसें साधन, त्यास ट्रिकल चार्जर म्हणतात. ट्रिकल म्हणजे थेंबथेंब वाहणें. हा चार्जर स्पोर्ट्स मोटारीच्या लिथियम बॅटरीस कसा जोडावा, व जुन्या शिशाच्या बॅटरीचा चार्जर तिला कां चालत नाहीं, याचा विचार आम्ही या लेखांत करणार आहों. विषय लहान आहे. परंतु त्यांत चूक झाली तर मोलाची बॅटरी निकामी होते, आणि प्रसंगीं आगीचेंहि भय असतें.

स्पोर्ट्स मोटारीचीच गोष्ट येथें कां घेतली, असें कोणी विचारील. याचें कारण असें कीं, वेगासाठीं बांधलेली ही गाडी वर्षाचा बराच काळ उभीच असते. युरोपांत हिवाळ्यांत रस्त्यावरील बर्फ वितळविण्यासाठीं मीठ टाकतात, आणि मिठानें लोखंड गंजतें. म्हणून अशा गाड्यांचे मालक थंडीचे महिने त्या घरांतच ठेवतात. जर्मनींत तर १९९७ सालापासून वर्षांतील ठराविक महिन्यांपुरतीच गाडी रस्त्यावर आणण्याची मुभा देणारी हंगामी नंबरपाटी मिळूं लागली. अशी चार-पांच महिने झोंपलेली गाडी वसंत ऋतूंत जागी करावयाची, तर तिच्या बॅटरींत प्राण शिल्लक असला पाहिजे.

प्रथम बॅटरीचें कार्य पाहूं. पूर्वी मोटारीचें इंजिन पुढील बाजूस हॅंडल मारून सुरू करावें लागे. हॅंडल उलट फिरलें तर मनगट मोडण्याचा संभव असे. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत चार्ल्स केटरिंग या अमेरिकन संशोधकाचा विजेचा स्टार्टर बसविण्यांत आला, आणि त्या दिवसापासून बॅटरी ही मोटारीचा अविभाज्य भाग होऊं लागली. ही बॅटरी शिशाची असे. तिचा शोध गॅस्टन प्लांटे या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं लावला होता. सौम्य गंधकाम्लांत शिशाच्या पट्ट्या बुडविलेल्या असे सहा कप्पे ओळीनें जोडले, म्हणजे प्रत्येकी सुमारें २.१ व्होल्ट मिळून साडेबारा व्होल्टांहून थोडा अधिक दाब मिळतो. हीच रचना आजहि कोट्यवधि गाड्यांत चालूं आहे.

शिशाचा मोठा दोष म्हणजे त्याचें वजन. शर्यतीच्या गाडींत एकेका किलोचा हिशेब ठेवतात. म्हणून पोर्शे या जर्मन कंपनीनें नोव्हेंबर २००९ मध्यें घोषणा करून, २०१० पासून आपल्या ९११ जीटी-३, ९११ जीटी-३ आरएस व बॉक्स्टर स्पायडर या गाड्यांसाठीं इंजिन सुरू करणारी लिथियम बॅटरी देऊं केली. तिचें वजन ६ किलोहून कमी होतें. ६० अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीपेक्षां ती १० किलोहून अधिक हलकी भरली. मात्र कडक थंडींत तिचा जोर कमी पडतो, म्हणून कंपनी तिच्यासोबत नेहमींची शिशाची बॅटरीहि देत असे.

या नव्या बॅटरीची धारणशक्ति केवळ १८ अँपिअर-तास होती. ६० च्या जागीं १८ कसे पुरावे? त्याचें उत्तर असें कीं, शिशाच्या बॅटरींतील सुमारें ३० टक्केच वीज प्रत्यक्ष उपयोगांत आणतां येते. त्याहून अधिक काढली तर ती अशक्त होते. ६० चे ३० टक्के म्हणजे १८ च. उलट लिथियम बॅटरींतील जवळजवळ सर्व वीज वापरतां येते.

आतां एक सोपें गणित करूं. उभी गाडी सतत ३० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०३ अँपिअर, प्रवाह घेते असें समजा. २४ तासांत ०.७२ अँपिअर-तास वीज गेली. १८ ला ०.७२ नें भागिलें असतां २५ येतात. अर्थात् पूर्ण भरलेली बॅटरी २५ दिवसांत रिकामी होईल. आणि स्टार्टर फिरविण्यास पुरेसा जोर तर त्याच्या बराच आधीं संपेल. चार महिन्यांच्या विश्रांतीपुढें २५ दिवस ते काय? म्हणून चार्जर हवा, हें उघड आहे. प्रश्न उरतो तो एवढाच कीं, तो कोणता असावा.

येथें दोन्ही बॅटऱ्यांचे स्वभाव समजून घेतले पाहिजेत. शिशाची बॅटरी सोशिक आहे. ती पूर्ण भरल्यावरहि थोडा प्रवाह चालूं ठेवला, तर तिच्यांतील पाण्याचें विघटन होऊन हायड्रोजन व प्राणवायु बाहेर पडतात. उघडता येणाऱ्या झांकणांची बॅटरी असेल तर कमी झालेलें पाणी पुन्हा घालतां येतें. ती दीर्घकाळ अर्धवट रिकामी राहिली, तर तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटाचे कठीण स्फटिक जमतात. ते फोडण्यासाठीं कित्येक चार्जर १५ व्होल्टांहून अधिक दाबाचे झटके देतात. शिशाच्या बॅटरीला हें औषध कधीं कधीं लागू पडतें.

लिथियम बॅटरीची घडण निराळी आहे. गाडी सुरू करण्यासाठीं बहुधा लिथियम-लोह-फॉस्फेट या जातीची बॅटरी वापरतात. या पदार्थाचा बॅटरीसाठीं होणारा उपयोग जॉन गुडइनफ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकेंतील टेक्सास विद्यापीठांत दाखवून दिला, आणि १९९७ सालीं तो प्रसिद्ध झाला. लिथियम बॅटरीवरील कार्याबद्दल गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो या तिघांस २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. या बॅटरींत एका बाजूस लोह-फॉस्फेट व दुसऱ्या बाजूस ग्राफाइट असतें. शिसपेन्सिलींत असतें तेंच हें ग्राफाइट. बॅटरी भरतांना लिथियमचे विद्युद्भारित कण फॉस्फेटांतून निघून ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात. वीज वापरतांना ते उलट परततात. मागावरील धोटा जसा इकडून तिकडे व तिकडून इकडे जातो, तसाच हा प्रवास होय.

यांतील एका कप्प्याचा दाब सुमारें ३.२ व्होल्ट असतो, व चार कप्पे मिळून सुमारें १२.८ व्होल्ट होतात. दोन्ही बॅटऱ्यांचे आंकडे असे जवळ जवळ असल्यामुळेंच, एकीचा चार्जर दुसरीस लावण्याचा मोह होतो. परंतु लिथियमचा कप्पा ३.६ व्होल्टांच्या आसपास भरतो. चौघांचा मिळून सुमारें १४.४. त्यापलीकडे दाब वाढविला तर जाण्याजोगे कण उरत नाहींत, आणि वीज बॅटरींतील द्रवाचीच नासाडी करूं लागते. हा द्रव पाण्याचा नसून ज्वालाग्राही सेंद्रिय पदार्थांचा असतो. नासलेल्या द्रवाच्या जागीं नवा घालण्याची येथें सोय नाहीं. लोह-फॉस्फेट ही जात इतर लिथियम जातींहून शांत आहे खरी, तरी शिशासाठीं योजिलेले १५-१६ व्होल्टांचे झटके तिला औषध न होतां विष होतात.

दुसरी गोष्ट थंडीची. बॅटरीचें तपमान ० अंश सेल्सिअसच्या खालीं असतांना तिला भरूं लागलें, तर लिथियमचे कण ग्राफाइटच्या थरांत शिरण्याऐवजीं बाहेरच धातूच्या रूपानें साचतात. त्यामुळें धारणशक्ति कायमची घटते, आणि आंतल्या आंत जोडणी होऊन अपघाताचा संभव उत्पन्न होतो. म्हणून गोठलेल्या गाडीस प्रथम ऊब द्यावी, मग वीज.

तिसरी गोष्ट अशी कीं, लिथियम बॅटरीस सदैव तुडुंब भरलेल्या स्थितींत धरून ठेवणें हितावह नाहीं. तिच्यासाठीं बनविलेला चार्जर ती भरतांच थांबतो, तिच्याकडे लक्ष ठेवतो, व दाब ठराविक मर्यादेच्या खालीं गेला म्हणजेच पुन्हा काम सुरू करतो.

या बॅटरीच्या पोटांत बहुधा एक विद्युत् मंडल रखवालदारासारखें बसविलेलें असतें. चारहि कप्पे समान भरले जावेत हें तें पाहतें, आणि दाब फार चढला किंवा फार उतरला तर बॅटरीचा बाहेरच्या जगाशीं संबंधच तोडतें. अशा वेळीं दाबमापक शून्य दाखवितो, व पुष्कळ चार्जर समोर बॅटरी नाहींच असें समजून कामास लागत नाहींत. लिथियमचा खास चार्जर असेल तर तो अत्यंत क्षीण प्रवाह देऊन तिला सावकाश जागी करतो. तसा नसेल तर जाणत्या कारागिराकडे जावें. दुसऱ्या गाडीच्या जोरावर तिच्यांत वीज कोंबूं नये.

आतां प्रत्यक्ष जोडणीचा क्रम सांगतों. प्रथम बॅटरीवरील व चार्जरवरील अक्षरें वाचावीं. चार्जरवर लिथियम-लोह-फॉस्फेटचा स्पष्ट उल्लेख पाहिजे; दोन्ही जातींसाठीं एकच चार्जर असेल तर त्याचें बटण लिथियमवर आहे याची खात्री करावी. गाडीचें इंजिन व दिवे बंद असावेत. चार्जर गाडीबाहेर, हवा खेळेल अशा कोरड्या जागीं ठेवावा, व त्याचा भिंतींतील प्लग अद्याप लावूं नये. मग लाल चिमटा धनाग्रास, म्हणजे अधिक चिन्ह असलेल्या टोंकास, लावावा. त्यानंतर काळा चिमटा, गाडीच्या निर्मात्यानें पुस्तिकेंत नेमून दिलेल्या, गाडीच्या सांगाड्यावरील धातूच्या जागीं लावावा. शेवटीं भिंतींतील प्लग लावून वीज सुरू करावी. काढतांना क्रम बरोबर उलट: आधीं वीज बंद, मग काळा चिमटा, मग लाल.

हा क्रम केवळ रूढि म्हणून पाळावयाचा नाहीं; त्यास कारण आहे. बहुतेक गाड्यांचा सांगाडा ऋणाग्रास जोडलेला असतो. काळा चिमटा आधीं लावून ठेवला, आणि लाल चिमटा हातांतून निसटून गाडीच्या पत्र्यावर पडला, तर प्रवाह धोक्याच्या मार्गानें वाहूं शकतो. शिवाय पुष्कळ नव्या गाड्यांत ऋणाग्राजवळ येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाहाची मोजदाद करणारें लहानसें यंत्र असतें. काळा चिमटा थेट ऋणाग्रावर लावला तर भरलेली वीज या यंत्राला वगळून आंत जाते, व गाडीचा जमाखर्च चुकतो.

बॅटरी पूर्णपणें निर्जीव झाल्यास एक विलक्षण अडचण उभी राहते. पोर्शे ९११ मध्यें इंजिन मागें असून बॅटरी पुढील सामानाच्या कप्प्यांत असते, आणि त्या कप्प्याचें झांकण विजेनें उघडतें. म्हणजे झांकण उघडण्यास बॅटरी हवी, व बॅटरीपर्यंत पोहोंचण्यास झांकण उघडलें पाहिजे! निर्मात्यांनीं याची तरतूद करून ठेविली आहे. या गाडीच्या कित्येक पिढ्यांत पायांजवळील फ्यूजांच्या पेटींत बाहेर ओढतां येणारें एक धनाग्र असतें. त्यास बाहेरच्या बॅटरीची लाल तार, व दाराच्या कडीच्या धातूस काळी तार लावली, म्हणजे झांकण उघडण्यापुरती वीज मिळते. ही वाट तेवढ्यापुरतीच आहे. तेथून बॅटरी भरण्याचा प्रयत्न करूं नये. वेळेवर चार्जर लावणारास या खटाटोपाची गरजच पडत नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं स्पोर्ट्स मोटार फार थोड्यांच्या घरीं असेल. परंतु लिथियम बॅटरी आज गरिबाच्या दारींहि आली आहे. आपल्याकडील विजेच्या स्कूटरींत, कित्येक ई-रिक्षांत व घरगुती इन्व्हर्टरांतहि ती बसविलेली असते. शिशाची बॅटरी काढून लिथियमची बसविली, आणि जुना चार्जर टाकवत नाहीं म्हणून तोच पुढें चालविला, तर आगीचें संकट आपण होऊन घरांत आणल्यासारखें होतें. चार्जर बदलण्यास पडणारे पैसे वांचविण्यांत काटकसर नाहीं. तसेंच रात्रीं सर्वजण निजल्यावर, जिन्याखालीं किंवा दाराच्या वाटेंतच बॅटरी भरावयास लावूं नये. कारण अपघात झाला तर बाहेर पडण्याचा मार्गच बंद होतो.

शुभवर्तमानांतील दहा कुमारींचा दृष्टांत आपल्या शाळेंतील प्रत्येक विद्यार्थ्यानें ऐकला आहे. दिवे सर्वांजवळ होते. परंतु जिनें तेलाची तरतूद आधीं करून ठेविली, तीच वेळेवर उपयोगी पडली. ट्रिकल चार्जर ही अशीच शांतपणें केलेली तरतूद आहे. मात्र ज्या दिव्यास जें तेल मानवतें, तेंच त्यांत घातलें पाहिजे. म्हणून कोणत्याहि बॅटरीस हात लावण्यापूर्वीं तिच्यावर काय लिहिलें आहे तें वाचण्याची संवय आपण आजपासूनच लावून घ्यावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.