‘आम्ही’ की ‘आपण’? सीमाभागातील कामाची जागा आणि मराठी सर्वनाम

पदवीच्या अभ्यासक्रमात ‘व्यावहारिक मराठी’ शिकवताना आपण अर्ज, इतिवृत्त, जाहिरात, कार्यालयीन पत्र एवढे शिकवतो आणि थांबतो. विद्यार्थी नोकरीला लागला की त्याचा दिवस मात्र बोलण्यात जातो. पाच-दहा जणांनी मिळून एक काम करायचे असते. कोणी सांगतो, कोणी ऐकतो, कोणी पुढे कळवतो. या बोलण्याचा अभ्यास आपल्या वर्गात जवळजवळ होत नाही. सीमाभागात त्याची गरज अधिक आहे, कारण येथे एका टेबलाभोवती बसलेल्यांची मातृभाषा क्वचितच एक असते.

मी नंदगडचा. खानापूर तालुक्यातल्या या बाजारपेठेच्या गावात मराठी, कन्नड आणि उर्दू एकाच दुकानासमोर ऐकू येतात. गोव्याकडे ये-जा करणाऱ्यांची कोकणीही कानावर पडते. १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता. पुढे कारभाराची भाषा कन्नड झाली, घरची आणि बाजारची मराठी राहिली. माझे विद्यार्थी बेळगावच्या कारखान्यांत, बँकांत, दवाखान्यांत जातात, काही पुण्याला जातात. सुट्टीत भेटले की कामाबद्दल फारशी तक्रार नसते. तक्रार असते ती अशी: “सर, मी साधंच बोललो, त्यांना ते उद्धट वाटलं.” या एका वाक्याचा भाषावैज्ञानिक विचार करणे हा या लेखाचा हेतू आहे.

कुपवाडचा धडा

या विषयाची एक वाट आपल्याच परिसरातून जाते. सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी कन्नड, मराठी आणि उर्दू यांच्या शेजाराचा अभ्यास केला. तो १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. शतकानुशतके एकत्र नांदल्यामुळे तेथील या बोलींची वाक्यरचना इतकी जवळ आली होती, की एका बोलीतले वाक्य दुसरीत शब्दाला शब्द ठेवून उतरवता येत असे. शब्द वेगळे, सांगाडा एक. तरीही घरची भाषा कोणी सोडली नव्हती.

याच गम्पर्झ यांनी पुढे ब्रिटनमधील कामाच्या जागांकडे लक्ष वळवले. १९८२ च्या त्यांच्या ग्रंथातील एक उदाहरण जगभर शिकवले जाते. एका मोठ्या विमानतळावर कर्मचाऱ्यांच्या उपाहारगृहात भारतीय आणि पाकिस्तानी स्त्रिया नव्याने वाढपाच्या कामाला लागल्या. त्या उर्मट आहेत, असे वरिष्ठांचे आणि जेवायला येणाऱ्यांचे मत झाले. तपासणीत दिसले की त्या फारसे बोलतच नव्हत्या. ताटात मांस वाढल्यावर वर रस्सा हवा का, हे विचारायला त्या ‘ग्रेव्ही’ एवढा एकच शब्द उच्चारत. इंग्रज वाढपी हा शब्द चढत्या सुरात म्हणे, म्हणजे तो प्रश्न होई. या स्त्रिया तो उतरत्या सुरात म्हणत. ऐकणाऱ्याला वाटे, ‘ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घ्या.’ त्यांच्या स्वतःच्या भाषिक सवयीत मात्र तो साधा, सभ्य प्रश्न होता. ध्वनिमुद्रण ऐकवून चर्चा केल्यावर दोन्ही बाजूंचा समज बदलला. आपल्याविषयी मने का कलुषित झाली होती, ते स्त्रियांना कळले. वरिष्ठांनाही कळले की त्यात उर्मटपणा नव्हता.

हे दोन अभ्यास शेजारी ठेवले की एक गोष्ट लक्षात येते. वाक्याचा सांगाडा जुळला म्हणून समज जुळतेच असे नाही. व्याकरणाची चूक ऐकणारा चूक म्हणून ओळखतो आणि सोडून देतो. सूर, सर्वनाम, वाक्याच्या शेवटचे अव्यय यांतला फरक तो भाषेच्या खात्यावर टाकत नाही, माणसाच्या स्वभावावर टाकतो.

आम्ही, आपण आणि नावू

मराठीत अनेकवचनी प्रथमपुरुषाची दोन रूपे आहेत. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये असतो. आजच्या कन्नडात दोन्हींसाठी ‘नावू’ हे एकच सर्वनाम आहे. हिंदीत सामान्यतः ‘हम’ आणि इंग्रजीत ‘वुई’ हेच काम करतात. आता कन्नड मातृभाषेचा पर्यवेक्षक मराठी सहकाऱ्यांना आपुलकीने मराठीत सांगतो, “हे काम आम्ही शनिवारपर्यंत संपवायचं.” त्याच्या मनात सगळे आहेत. ऐकणाऱ्या मराठी माणसाला मात्र ऐकू येते, ‘ते आणि त्यांची माणसं संपवणार.’ शनिवारी काम तसेच पडलेले असते. तो म्हणतो, यांना सांगून उपयोग नाही. हे म्हणतात, आम्हाला यांनी धरलेच नव्हते. दोघांच्याही बोलण्यात खोटे काही नसते.

उलट बाजूचा दोष मराठीच्या पदरात आहे. आपले ‘आपण’ एकाच वेळी अनेक कामे करते. ते ‘तुम्ही-आम्ही मिळून’ आहे, आदरार्थी ‘तुम्ही’ आहे आणि ‘स्वतः’ही आहे. “आपण अहवाल पाठवावा” या वाक्यात अहवाल कोणी पाठवायचा? वरिष्ठाला पत्र असेल तर त्याने, बैठकीतले बोलणे असेल तर बहुधा कोणीच नाही. “आपण असं ठरवलं होतं” या वाक्याने एकट्याने घेतलेला निर्णय सर्वांच्या गळ्यात सहज घालता येतो. म्हणून गटात काम वाटताना सर्वनामावर विसंबू नये. कोणी, काय, केव्हापर्यंत, हे नाव घेऊन सांगावे. कन्नड किंवा इंग्रजी परिपत्रक मराठीत आणणाऱ्याने प्रत्येक ‘नावू’ आणि ‘वुई’पाशी थांबून विचारावे: ऐकणारा यात आहे की नाही?

‘की’, ‘री’ आणि ‘मी येतो’

बेळगाव-खानापूरकडच्या मराठीत वाक्याच्या शेवटी ‘की’ येतो. ‘बसा की’, ‘देतो की’, ‘केलंय की’. आमच्याकडे त्यात आश्वासन आणि जवळीक असते. पुण्याच्या कानाला ‘केलंय की’ म्हणजे ‘केलंय ना, परत कशाला विचारता?’ असे वाटू शकते. उत्तर कर्नाटकाच्या कन्नडात आदर क्रियापदालाच जोडतात: ‘बर्री’ म्हणजे या, ‘हेळ्री’ म्हणजे सांगा. त्या ‘री’ची सवय असलेल्या माणसाला मराठीतले नुसते ‘सांगा’ कोरडे वाटले तर नवल नाही.

या भागातल्या अनेक मुली ‘मी येतो’, ‘मी गेलो’ असे म्हणतात. ती बोलीतली रूढ रूपे आहेत. माझी एक विद्यार्थिनी पुण्यात नोकरीला लागली, तेव्हा या रूपांवरून सहकारी हसत. चार-पाच महिन्यांत तिने बैठकीत बोलणेच सोडले. हिशोबातली एक चूक तिला दिसली होती आणि ती गप्प राहिली, असे तिने मला पुढे सांगितले. हसणाऱ्यांना ही थट्टा वाटली असेल. किंमत साऱ्या गटाने मोजली. प्रमाणभाषा शिकवणे आपले काम आहेच. बोलीला न हसता तिच्यातली माहिती ऐकून घेणे, हेही शिकवण्याचेच काम आहे.

वर्गासाठी स्वाध्याय

१. ‘आम्ही’ किंवा ‘आपण’ असलेली दहा वाक्ये आपल्या परिसरातील बोलण्यातून टिपा. प्रत्येकात कोण समाविष्ट आहे ते लिहा. जेथे उत्तर देता येत नाही, तेथे नाव घालून वाक्य पुन्हा लिहा.

२. ‘झालं’, ‘देतो की’, ‘बघू’ ही उत्तरे तीन वेगवेगळ्या सुरांत म्हणा. ऐकणाऱ्यांनी कळलेला अर्थ स्वतंत्रपणे लिहावा आणि मग ताडून पाहावा.

३. पाच जणांचा गट करा. त्यात शक्यतो दोघे कन्नड किंवा उर्दू मातृभाषेचे असावेत. एक तोंडी सूचना पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगावी. ऐकणाऱ्याने ‘हो’ म्हणून थांबू नये. कळले ते आपल्या शब्दांत परत सांगावे. हीच साखळी नंतर फक्त ‘हो’वर चालवा आणि शेवटी हाती काय उरते ते पाहा.

४. एका बैठकीचे इतिवृत्त असे लिहा की प्रत्येक निर्णयापुढे एक नाव आणि एक तारीख असेल.

तिसऱ्या स्वाध्यायात ‘हो’ म्हणजे ‘ऐकले’, ‘कळले’ की ‘मान्य आहे’, हा वाद माझ्या वर्गात दर वर्षी होतो. तो मिटवू नये, होऊ द्यावा. उद्या कुणाचे बोलणे उद्धट वाटले, तर राग धरण्याआधी ‘तुम्हाला काय म्हणायचं होतं?’ एवढे विचारण्याची सवय विद्यार्थ्याला त्या वादातूनच लागते.