सागाच्या वलयांतील पाऊस
(सामान्य विज्ञान : इयत्ता पाचवी ते सातवी)

पाठाचा हेतू : परिसरातील परिचित वृक्षावरून ऋतुमान, वृक्षाची वाढ आणि वनातील परस्परावलंबन यांचा संबंध विद्यार्थ्यांच्या ध्यानात आणून देणे.

भिवंडीचे नाव निघताच मागांचा खडखडाट व मालाची गोदामे डोळ्यांपुढे येतात. परंतु वसई व भिवंडी या तालुक्यांच्या सीमेवर तुंगारेश्वराचे डोंगर आहेत आणि त्यांवर अद्याप वन आहे. साग, ऐन, खैर, हेद, कळंब, पळस, बांबू अशी झाडे त्यात एकत्र वाढतात. अशा वनास आर्द्र पानझडी वन म्हणतात. त्यातील प्रमुख वृक्ष साग होय. त्याचे शास्त्रीय नाव टेक्टोना ग्रँडिस असे आहे.

सागाचे वर्ष

साग हा मूळचा भारत, ब्रह्मदेश, थायलंड व लाओस या देशांचा रहिवासी. त्यास भरपूर पाऊस हवा, तसाच काही महिन्यांचा कोरडा काळही हवा. मुळाशी पाणी साचून राहिलेले त्यास खपत नाही. म्हणून भातखाचरापेक्षा डोंगरउतार त्यास अधिक मानवतो. उन्हाळ्यात साग निष्पर्ण होतो. झाड मेले असा काही मुलांचा समज होतो, परंतु ही पाण्याची काटकसर असते. पान म्हणजे पाण्याची वाफ बाहेर टाकणारी असंख्य छिद्रे. जमिनीत ओल नसता ती उघडी ठेवणे झाडास परवडत नाही. पाऊस सुरू होताच नवी पालवी फुटते आणि खोडाची वाढ पुन्हा सुरू होते.

वलय कसे बनते

खोडाच्या सालीखाली वाढीचा एक पातळ थर असतो. पावसाच्या आरंभी पाण्याची निकड मोठी असते, म्हणून हा थर रुंद नलिका तयार करतो. पुढे नलिका बारीक होत जातात व कोरड्या काळात वाढ थांबते. पुढल्या वर्षी पुन्हा रुंद नलिकांची रांग येते. ही रांग म्हणजे दोन वर्षांमधील सीमारेषा. उष्ण कटिबंधातील बहुतेक वृक्षांत अशी वलये स्पष्ट नसतात; सागात ती स्पष्ट असतात. ज्या वर्षी झाडास पाणी पुरेसे मिळाले त्या वर्षीचे वलय बहुधा रुंद, अवर्षणाचे वलय बहुधा अरुंद.

शास्त्रज्ञांनी काय पाहिले

पुणे येथे १९६२ साली स्थापन झालेल्या उष्णदेशीय हवामानशास्त्राच्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी हा विषय हाती घेतला. पंत व बोरगावकर यांनी १९८३ साली ठाणे परिसरातील सागाची वलये व तेथील हवामान यांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९८९ साली रमेश, भट्टाचार्य व पंत यांनी याच भागातील सागाच्या लाकडातील जड हायड्रोजनाविषयीचे संशोधन ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले. उष्ण प्रदेशांत पाऊस जोराचा झाला की त्यातील जड हायड्रोजनाचे प्रमाण सामान्यतः घटते. मुळे तेच पाणी शोषितात; त्यामुळे पावसाची खूण लाकडात उमटते.

अशा अभ्यासासाठी झाड तोडावे लागत नाही. पोकळ सामत्याने खोडातून पेन्सिलीएवढी कांडी काढतात. एका झाडावर मात्र विसंबून चालत नाही. किडीने पाने खाल्ली अथवा पावसात मोठा खंड पडला, तर एकाच वर्षात दोन वलयांचा भास होतो. म्हणून अनेक झाडांच्या रुंद-अरुंद वलयांचा क्रम परस्परांशी जुळवून प्रत्येक वलयाचे साल ठरवितात. याच रीतीने केरळातील सागांवरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची सलग मालिका सिद्ध झाली व २०१० साली प्रसिद्ध झाली. शिवछत्रपतींच्या जन्मापूर्वी सुमारे दीडशे वर्षांपासूनची ही नोंद आहे. पर्जन्यमापकाच्या नोंदी इतक्या मागे जात नाहीत.

जुने वृक्ष का हवेत

१६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली व या खाडीच्या आश्रयाने मराठी आरमाराची जुळवाजुळव सुरू झाली. आरमारास सागवान लागे. तरी परवानगीवाचून झाड तोडू नये, असा दंडक रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात घातलेला आढळतो. पुढे जहाजे, घरे व रेल्वे यांसाठी मोठी तोड झाली. तोडलेल्या बुंध्यास धुमारे फुटतात व वन पुन्हा हिरवे दिसते. पण धुमाऱ्याच्या खोडात त्याच्या स्वतःच्या वयाइतकीच वलये असतात. शंभर वर्षांच्या खोडाबरोबर शंभर पावसाळ्यांची नोंद जाते. ती नव्या लागवडीने भरून येत नाही.

नुसता साग लावणे म्हणजे वन राखणे नव्हे. सागाच्या रुंद पानांवर पावसाचे थेंब एकत्र होऊन मोठे होतात व जमिनीवर जोराने आदळतात. खाली झुडपे व पालापाचोळा असेल तर तो मार अडतो. वणव्याने ते जळाले असेल तर माती वाहून जाते. केरळ वनसंशोधन संस्थेच्या अभ्यासात पाने खाणाऱ्या अळीमुळे सागाच्या तरुण लागवडीची सुमारे ४४ टक्के वाढ बुडाल्याचे आढळले. या अळ्या पक्षी व इतर कीटक खातात आणि त्यांना आश्रयासाठी नाना जातींची झाडे लागतात.

वर्गात करावयाची कृती

१. सागाचे एक कोवळे पान मुलांकडून तळहातावर चोळवून घ्यावे. लाल रंग उतरतो. ही सागाची सोपी ओळख.

२. गावातील जुन्या बुंध्यावरील अथवा वखारीतील ओंडक्यावरील वलये दोन निरनिराळ्या दिशांनी मोजवावी. उभ्या झाडास इजा करू नये. वखारीतील सागवान दूरदेशीचेही असते. म्हणून ओंडका कोठला हे कळल्यावाचून त्यावरून भिवंडीच्या पावसाचे अनुमान काढू नये.

प्रश्न

१. उन्हाळ्यात साग पाने का गाळतो?
२. एकाच झाडाची वलये मोजून सालांचा निश्चित निर्णय का करता येत नाही?
३. गावाजवळील एक जुना साग तोडून त्याजागी दहा रोपे लावली, तर काय भरून येईल व काय येणार नाही?