‘सर, याचं आयपीएल होऊन जाईल ना?’

नागपुरात मैदानाच्या कडेला उभं राहिलं की मुलाचा बाप हा प्रश्न विचारतोच. विचारणाऱ्याची चूक नाही. २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशा तीन वेळा विदर्भाने रणजी करंडक जिंकला. लिलावाच्या यादीत यवतमाळ, अमरावतीकडची मुलं दिसू लागली. मी इथल्या क्लब क्रिकेटमध्ये खेळलो, पुढे निवड चाचण्यांना बसलो आणि आता कोच मंडळींना तरुण फलंदाजांबद्दल माझं मत लिहून देतो. त्या कामात हाती लागलेल्या या काही गोष्टी.

१. धावा विचारण्याआधी खेळपट्टी विचारा.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत १४० केले, असं कुणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न असतो, टर्फवर की मॅटिंगवर? मॅटिंगवर चेंडू बऱ्यापैकी सारखा उसळतो, पुढचा पाय टाकून मारत राहता येतं. जामठ्याच्या स्टेडियमवर सकाळी नवा चेंडू हलतो, तेव्हा तोच पाय अडकतो. अमेरिकेत बेसबॉलच्या स्काऊटांपुढे, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्यांपुढे, हीच अडचण असते. तिथली कॉलेजची पोरं धातूच्या बॅटने खेळतात, व्यावसायिक बेसबॉल मात्र लाकडी बॅटचा. धातूच्या बॅटच्या कडेला लागलेला चेंडूही दूर जातो. म्हणून ड्राफ्टआधी, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्याआधी, स्काऊट केप कॉडच्या उन्हाळी लीगला गर्दी करतात, कारण तिथे १९८५पासून लाकडी बॅट आहे. आपल्याकडे नागपूरच्या गुझदर लीगमध्ये जुन्या, मुरलेल्या गोलंदाजांसमोर काढलेल्या चाळीस धावा मला कॉलेजच्या शतकापेक्षा जास्त सांगून जातात.

२. पहिले वीस चेंडू पाहा, आणि त्यातले सोडलेले आधी मोजा.

फटका सगळ्यांना दिसतो. सोडलेला चेंडू पाहायला कुणी येत नाही. ऑफ स्टंपच्या बाहेरचा चेंडू मुलगा टप्पा ओळखून सोडतो, की बॅट पोहोचली नाही म्हणून सुटतो, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी सुरुवातीला स्क्वेअरला बसतो. पाय केव्हा हलतो, वजन कुठे जातं, बॅट किती उशिरा येते, हे तिथूनच कळतं. नंतर गोलंदाजाच्या मागे जाऊन बसतो, म्हणजे डोकं ऑफ साइडला पडतं का ते दिसतं. बेसबॉलवालेही फलंदाजाने किती होमरन मारले याच्याबरोबरीने तो नको त्या चेंडूमागे किती वेळा बॅट फिरवतो ते टिपतात. ताकद पुढे वाढवता येते. चेंडू पारखणारी नजर विशीनंतर फार बदलत नाही, असं माझं मत आहे.

३. बाद होण्याची वही ठेवा.

मी प्रत्येक मुलाच्या नावापुढे धावा लिहीत नाही, तो कसा बाद झाला ते लिहितो. डावखुऱ्या फिरकीवर स्वीप मारताना लागोपाठ तीनदा पायचीत होणं हा दोष आहे. पण महिनाभराने तोच मुलगा तशाच फिरकीवर पुढे सरसावून लाँग ऑनला खेळताना दिसला, तर त्या दोषापेक्षा ती सुधारणा मी ठळक अक्षरांत लिहितो. वरच्या पातळीवर गोलंदाज तुमचं दुखणं दोन सामन्यांत शोधतात. ते दुरुस्त करायला किती वेळ लागतो, त्यावर कारकीर्द ठरते.

४. चाचणीत प्रसंग द्या.

नेटमध्ये थ्रोडाऊनवर षटकार मारणारी मुलं पैशाला पासरी मिळतील. तिथून बॅटचा वेग कळतो, डोकं कळत नाही. वैभव सूर्यवंशीला राजस्थान रॉयल्सने चाचणीसाठी नागपूरलाच बोलावलं होतं. त्याच्या वडिलांनी नंतर सांगितलं, की प्रशिक्षक विक्रम राठोड यांनी त्याला एका षटकात १७ धावा काढायचा प्रसंग दिला आणि पोराने तीन षटकार मारले. नोव्हेंबर २०२४च्या लिलावात तेरा वर्षांचा हा मुलगा १ कोटी १० लाखांना गेला. २८ एप्रिल २०२५ रोजी त्याने गुजरातविरुद्ध ३५ चेंडूंत शतक ठोकलं. त्या चाचणीतून घ्यायचं ते प्रश्न विचारण्याचं तंत्र. ‘सहा चेंडू, नऊ धावा, लेग साइडला वारा, मिडविकेट मागे’ असं सांगितलं की मुलगा आधी मैदान पाहतो की बॅट उचलतो, तेवढ्यातच बरंच काही समजतं. आणि हो, दुसऱ्या कुणाच्या तेरा वर्षांच्या मुलाला वैभवच्या पट्टीने मोजू नका.

५. लिलावात भूमिका विकली जाते.

हे पालकांच्या गळी उतरवणं सर्वांत कठीण. शुभम दुबेने २०२३च्या सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत बंगालविरुद्ध २० चेंडूंत नाबाद ५८ केले आणि विदर्भाने दोनशेच्या वरचं लक्ष्य गाठलं. त्या डिसेंबरात २० लाख मूळ किमतीचा हा खेळाडू राजस्थानने ५ कोटी ८० लाखांना घेतला. दानिश मालेवारने २०२५च्या रणजी अंतिम सामन्यात केरळविरुद्ध १५३ केले, संघ अडचणीत असताना डाव उभा केला. डिसेंबर २०२५च्या लिलावात मुंबई इंडियन्सने त्याला मूळ किमतीला, ३० लाखांना घेतलं. म्हणून दानिश कमी ठरत नाही. शेवटच्या चार षटकांत येऊन सामना फिरवणारा भारतीय फलंदाज दुर्मीळ आहे आणि दुर्मीळ गोष्टीला भाव चढतो. अहवालात मी ‘चांगला फलंदाज’ असं लिहीतच नाही. कोणत्या क्रमांकावर, कोणत्या गोलंदाजीविरुद्ध, कोणत्या षटकांत, एवढं लिहितो.

६. पहिल्या नकारावर शिक्का मारू नका.

अमरावतीच्या जितेश शर्माला २०१६मध्ये मुंबई इंडियन्सने घेतलं, पण एकही सामना मिळाला नाही. वरच्या फळीत खेळणारा हा यष्टिरक्षक पुढे शेवटच्या षटकांचा फलंदाज झाला. २०२२मध्ये पंजाबने त्याला २० लाखांत घेतलं, २०२५च्या हंगामासाठी बंगळुरूने ११ कोटी मोजले आणि लखनौविरुद्ध २२८चा पाठलाग करताना त्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ केले. २००८मध्ये आयपीएलच्या पहिल्या वर्षी १९ वर्षांखालील मुलांचा ड्राफ्ट झाला, तेव्हा दिल्लीने घरच्या विराट कोहलीला सोडून गोलंदाज प्रदीप सांगवानला निवडलं. बेसबॉलमध्ये माइक पियाझा १९८८च्या ड्राफ्टमध्ये ६२व्या फेरीत निवडला गेला आणि २०१६मध्ये हॉल ऑफ फेममध्ये पोहोचला. स्काऊटचं मत त्या दिवसापुरतं असतं. म्हणून माझ्या अहवालावर तारीख असते आणि खाली ‘पुन्हा पाहावे’ असा रकाना असतो.

७. बापाला गणित सांगा.

दहा संघ, प्रत्येकी जास्तीत जास्त २५ खेळाडू, त्यात परदेशी आठपर्यंत. म्हणजे सगळे संघ भरले तरी भारतीयांच्या वाट्याला साधारण १७० जागा, आणि त्यातल्या बऱ्याच लिलावाआधीच राखलेल्या असतात. देशभरातून त्यासाठी किती पोरं पॅड बांधतात, ते कोणत्याही रविवारी नागपूरच्या रेशीमबाग मैदानावर जाऊन पाहावं. लिलावाच्या यादीत नाव जातं तेही राज्य संघटनेमार्फत. म्हणून आधी विदर्भाचा संघ, २०२५पासून सुरू झालेली विदर्भ प्रो टी-२० लीग, मग पुढचं. बी.कॉम. सोडू देऊ नका. रेल्वे, बँका, सरकारी कंपन्या खेळाडूंना नोकऱ्या देतात, आणि पगार सुरू असलेला फलंदाज दडपणाखाली जास्त मोकळा खेळतो.

‘होऊन जाईल ना?’ याला मी हो किंवा नाही म्हणत नाही. येत्या हंगामात मुलाने कोणत्या खेळपट्टीवर, कोणत्या गोलंदाजीसमोर, काय सुधारायचं, हे तीन ओळींत लिहून देतो. कागद घेऊन जाणारा बाप बहुधा नाराज असतो. मुलगा तो कागद वाचतो का, हे मी पुढच्या सामन्यात त्याच्या खेळावरून ओळखतो आणि त्याच्याबद्दलचं माझं पुढचं मत तिथूनच सुरू होतं.