आंबलेल्या अंगाची साक्ष

व्यायामास नव्याने लागलेल्या मनुष्यास आपल्या दुखणाऱ्या मांड्यांविषयी जो एक गुप्त अभिमान वाटत असतो, त्याचे मला नवल वाटत नाही. कारण आमच्या पेठेतील तालमीतही, ज्याचे अंग दुसऱ्या दिवशी आंबले नाही त्याने आदल्या दिवशी मेहनतच केली नाही, असा सरसकट निवाडा देण्याचा शिरस्ता होता, आणि त्या निवाड्यावर अपील चालत नसे.

मला या शिरस्त्याविषयी संशय आला तो सिंहगडामुळे. नोकरीपायी वर्षानुवर्षे सायकल दामटल्याने माझे पाय चांगले निबर झाले होते, आणि आतकरवाडीपासूनची जी चढण चढताना छातीचा भाता झाला, तिने मांड्यांना म्हणण्यासारखी तोशीस लावली नव्हती; उतरताना तर आम्ही गप्पांच्या नादात केव्हा खाली आलो हे कळलेही नाही. तरीही तिसऱ्या दिवशी कचेरीचा जिना उतरताना मला कठडा धरावा लागला. घाम गळाला तो चढताना, आणि दुखणे पदरी पडले ते उतरण्याचे! दुखणे हेच जर मेहनतीचे माप असते, तर हा हिशेब असा उलटा लागला नसता.

चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू शरीराचा भार तोलून धरीत असतानाच लांबत जातो, आणि सवय नसलेल्या तंतूंना बाधते ते मुख्यतः हे भाराखाली लांबणे. सायकल चालविताना त्यांच्यावर हा प्रसंग फारसा येत नाही. थिओडोर हफ या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९०२ सालीच अशा उशिरा उद्भवणाऱ्या दुखण्याचे मूळ स्नायूच्या आतील सूक्ष्म फाटाफुटीत शोधले होते. परंतु लॅक्टिक आम्ल साचल्यामुळे अंग दुखते, ही समजूत व्यायामशाळांतून अद्याप हद्दपार झालेली नाही. वस्तुतः मेहनत थांबल्यावर तास-दीड तासात त्या आम्लाचा निचरा होतो, आणि दुखणे ऐन भरास येते २४ ते ७२ तासांच्या दरम्यान. म्हणजे गुन्हा घडण्यापूर्वीच जो गाव सोडून गेला, त्याच्यावर फिर्याद गुदरण्यातला हा प्रकार.

एकदा ही झळ सोसलेला स्नायू पुढे कित्येक आठवडे तेवढ्याच श्रमाने तितका दुखत नाही. हे शरीराचे शहाणपण न ओळखता, दुखेनासे झाले म्हणजे प्रगती खुंटली असे मानून जे रोज नवा प्रकार हुडकीत फिरतात, त्यांना दुखणे मुबलक मिळते, ताकद मात्र बेताचीच. प्रगती पाहावयाची असेल तर वही ठेवावी, आणि महिन्यापूर्वी किती जोर निघत होते, किती वजन उचलले जात होते, ते त्यात पाहावे. स्नायू दुखत असेतो त्याचा जोरही खरोखरच उणावलेला असतो. तेव्हा त्याच्याकडून भारी काम घेणे तहकूब ठेवून हिंडावे-फिरावे. मर्दनाने थोडा आराम पडतो. ताण देण्याने फारसे साधत नाही. गडावर जावयाचे असेल त्याने, पुण्यात राहत असल्यास, दोन आठवडे आधीपासून पर्वतीच्या पायऱ्या चढाव्या, आणि विशेषेकरून उतराव्या.

मात्र सगळीच दुखणी या सदरात मोडत नाहीत. सांध्यात उठणारी कळ, किंवा व्यायाम चालू असतानाच एका जागी लचकून उमटलेली तीव्र वेदना, ही दुखापत समजावी. माझ्या ओळखीच्या एका विद्यार्थ्याने वसतिगृहात पैजेखातर, पूर्वतयारी नसताना, दम संपेपर्यंत बैठका मारल्या. मित्रांनी त्याच्या सुजलेल्या मांड्यांचे कौतुक केले, आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होऊ लागली तेव्हा तो उष्णतेचा विकार ठरवून त्यास सब्जाचे पाणी पाजले. वास्तविक मोडलेल्या स्नायूंतील द्रव्य रक्तावाटे मूत्रपिंडांत उतरत होते, आणि त्यामुळे मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका असतो. शिरेतून सलाइन देऊन डॉक्टरांनी त्यास वाचविले. अतिश्रमानंतर असा रंग दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याच दिवशी इस्पितळ गाठावे, आणि आपण कोणता व्यायाम किती केला, हे संकोच न करता तेथे सांगावे.