सांडपाण्याचा पुनर्वापर : एक पाठ

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. कौशांबीचा राजा उदयन याच्या राण्यांनी आनंद स्थविरांना पाचशे चीवरे दान दिली. एवढ्या चीवरांचे काय करणार, असे राजाने विचारले. ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्या भिक्खूंना वाटू, असे आनंदांनी सांगितले. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची आच्छादने होतील. ती विटली की गादीच्या खोळी, मग जमिनीवरची अंथरणी, मग पायपुसणी, मग धूळ झटकायची फडकी. शेवटी फडक्यांच्या चिंध्या चिखलात मळून जमीन सारवली जाईल. हे ऐकून राजाने आणखी पाचशे वस्त्रे दिली. मिळालेल्या वस्तूचा पूर्ण उपयोग करणे हा दानाचा आदर आहे, हा त्यातील बोध.

हा बोध पाण्यालाही लागू पडतो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या तळ्याचा दावा उच्च न्यायालयात जिंकण्यास १९३७ साल उजाडावे लागले. इतक्या संघर्षाने मिळालेले पाणी एकदाच वापरून गटारात सोडणे आपल्याला शोभत नाही.

जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरविले आहे. पाच जणांच्या कुटुंबाचे २७५ लिटर होतात. पुरवठ्याच्या सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होते असे धरतात. म्हणजे रोज २२० लिटर. त्यातून शौचालयाचे पाणी वगळले, तरी परसबाग जगेल एवढे उरते.

त्यासाठी काही पथ्ये पाळावीत. आंघोळीचे व कपडे धुतल्याचे पाणी वापरावे. बाळाचे लंगोट धुतलेले पाणी शौचालयाकडेच सोडावे. खरकट्याचे तेलकट पाणी जाळी व तेल अडविणारी टाकी यांतून आधी जाऊ द्यावे. पाणी साठवून ठेवू नये. एका दिवसात त्याला दुर्गंधी येते आणि डास होतात. ते केळी, अळू, कर्दळ, नारळ यांच्या मुळाशी जमिनीत मुरू द्यावे, पानांवर शिंपडू नये. कोथिंबीर, मुळा, गाजर अशा कच्च्या खाण्याच्या भाज्यांना देऊ नये. साबणातील सोडियममुळे माती कडक होते. म्हणून साबण बेताचा वापरावा आणि अधूनमधून साधे पाणीही द्यावे. पावसाळ्यात हे पाणी शोषखड्ड्याकडे वळवावे. खड्डा विहिरीपासून दूर असावा.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : जाळीत अडकलेला गाळ कोण काढणार? आपल्या देशात घाण काढण्याचे काम जन्मावरून वाटले गेले. पाण्याची योजना उत्तम आखली आणि गाळ मात्र एकाच माणसाच्या माथी मारला, तर जुनीच व्यवस्था नव्या नळातून घरात येईल. म्हणून घरात वडील, आई, मुलगा, मुलगी यांची आणि वसतिगृहात शिक्षकांसह सर्वांची पाळी लावावी. हातमोजे व लांब दांड्याचे खोरे वापरावे. बंद टाकीत विषारी वायू साचतो. तीत कोणीही कधीही उतरू नये.

माजी विद्यार्थ्यांनी आपल्या घरी एका केळीपासून हा प्रयोग सुरू करावा. केळीला घड लागेल तेव्हा तो शेजाऱ्यांत वाटावा. पण गाळ काढण्याची पहिली पाळी स्वतःची लावावी.