नियमाचा कागद

घर बांधणाऱ्याचे काम केव्हातरी संपते. भिंती उभ्या राहतात, छप्पर चढते आणि वास्तुशांतीचा दिवस उजाडतो. शेतकऱ्याच्या श्रमांनाही सुगीची मर्यादा असते. परंतु ज्याने आपल्या कल्पनेत एक संपूर्ण देश वसविण्याचा छंद घेतला, त्याचे काम संपावे कधी? एका नगराचे वर्णन लिहावे, तो तेथील राजघराण्याची वंशावळ हवीशी वाटते. वंशावळ जुळवावी, तो नकाशा अपुरा दिसू लागतो. अशा कामाला बाहेरून कोणी मुदत घालून देत नाही. ती ज्याची त्यालाच घालावी लागते. इंग्लंडमधील एका घरातल्या भावंडांनी ती कशी घातली, याची हकीकत मोठी उद्बोधक आहे.

उत्तर इंग्लंडात यॉर्कशायर परगण्यात हॉवर्थ नावाचे गाव आहे. गावामागे वाऱ्याने झोडपलेला विस्तीर्ण माळ पसरला आहे. येथील धर्मोपदेशक पॅट्रिक ब्राँटी यांची पत्नी १८२१ साली वारली, आणि १८२५ साली त्यांच्या दोन थोरल्या मुलीही गेल्या. मागे शार्लट, ब्रॅनवेल, एमिली व ॲन ही चार मुले राहिली. जून १८२६ मध्ये वडिलांनी लीड्स शहराहून ब्रॅनवेलसाठी बारा लाकडी शिपायांची एक पेटी आणली. तेव्हा शार्लट दहा वर्षांची होती आणि धाकटी ॲन सहा वर्षांची. प्रत्येकाने एकेक शिपाई उचलला व त्याचे बारसे केले. शार्लटचा शिपाई ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, तर ब्रॅनवेलचा बोनापार्ट. पुढे या वीरांनी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एक राज्य स्थापिले आणि ‘ग्लास टाउन’, म्हणजे काचनगर, ही त्याची राजधानी ठरली.

या राज्याचा कारभार तोंडी राहिला नाही. ब्रॅनवेलने त्याचा नकाशा काढला. १८२९ पासून मुलांनी त्याचे मासिकही चालविले. कागदाचे तुकडे शिवून केलेली ती पुस्तके आगपेटीएवढी असत, कारण ती लाकडी शिपायांच्या हातांत शोभली पाहिजेत! अक्षर इतके बारीक, की वडील माणसांना ते सहजी वाचता येऊ नये. मार्च १८२९ मध्ये बारा वर्षांच्या शार्लटने ‘वर्षाचा इतिहास’ अशा अर्थाचे शीर्षक देऊन एक टिपण लिहिले आणि कोणता खेळ कोणत्या महिन्यात सुरू झाला, याची नोंद केली. पुढील वर्षी, ऑगस्ट १८३० मध्ये, तिने स्वतःच्या लिखाणाची यादी केली. प्रत्येक पुस्तक केव्हा पुरे झाले, हे लिहिले आणि शेवटी बेरीज मांडली. ती बेरीज बावीस भरली. छंदाला हिशेबाची जोड मिळाली ती अशी.

शार्लट १८३१ साली शिक्षणासाठी दूर गेली, तेव्हा एमिली व ॲन या धाकट्या बहिणींनी आपले स्वतंत्र जग निर्माण केले. उत्तर प्रशांत महासागरातील ‘गाँडल’ नावाचे एक मोठे बेट त्यांनी कल्पिले आणि दक्षिणेस ‘गाल्डाइन’ नावाचे दुसरे. ॲनने तर घरातील भूगोलाच्या पुस्तकात, खऱ्या स्थळांच्या नावांच्या ओळीत, गाँडलमधील स्थळांची नावे हाताने लिहून ठेवली.

याच दोघी बहिणींनी एक प्रघात पाडला. ठराविक वर्षांनी एका कागदावर त्या दिवसाची हकीकत लिहावयाची, पुढे काय घडेल व काय व्हावे तेही लिहावयाचे, आणि तो कागद घडी घालून ठेवावयाचा. असा पहिला उपलब्ध कागद २४ नोव्हेंबर १८३४ चा आहे. तेव्हा एमिली सोळा वर्षांची होती व ॲन चौदा वर्षांची. गाँडलचे लोक गाल्डाइन बेटाच्या अंतर्भागाचा शोध घेत आहेत, हे वृत्त त्यात आहे. आणि त्याच्याच पाठोपाठ स्वयंपाकघरामागे धुणे चालले असल्याचे वृत्त आहे. जणू दोन्ही गोष्टी सारख्याच खऱ्या! त्याच कागदात, १८७४ साली आपण कोठे असू व कशा असू, असे कुतूहलही दोघींनी प्रकट केले आहे.

३० जुलै १८४१ रोजी एमिलीला तेवीस वर्षे पूर्ण झाली. ती घरी होती. ॲन शिक्षिकेची नोकरी करीत असून मालकांच्या कुटुंबासह समुद्रकाठच्या स्कारबरो गावी होती. तरी ठरल्याप्रमाणे दोघींनी त्याच दिवशी आपापला कागद लिहिला. हातात पुष्कळ पुस्तके घेतली आहेत, पण नेहमीप्रमाणे एकाचीही फारशी प्रगती नाही, अशी कबुली एमिलीने दिली. मात्र तेवढ्यावर न थांबता, आपण नुकताच एक नवा ‘नियमाचा कागद’ तयार केला असून मोठमोठी कामे करण्याचा मानस आहे, असेही तिने उत्साहाने नमूद केले. चार वर्षांनी तिघी बहिणी एकत्र येऊन स्वतःची शाळा चालवीत असतील, अशी आशाही तिने व्यक्त केली.

चार वर्षे गेली. १८४५ च्या जुलैअखेरीस दोघींनी मिळून ते जुने कागद उघडले. संकल्पांपैकी काय साधले होते? शाळेसाठी शार्लट व एमिली ब्रुसेल्सला जाऊन शिकून आल्या होत्या, १८४४ साली शाळेची माहितीपत्रके छापली होती. पण एकही विद्यार्थिनी आली नाही. गाँडलची बखर साडेतीन वर्षांपूर्वी हाती घेतली होती. तीही अपुरीच होती. ती पुरी केव्हा होणार, असा प्रश्न ॲनने नव्या कागदावर लिहिला. गाँडलचा खेळ पूर्वीसारखा रंगत नाही, असेही तिला वाटत होते. पहाटे उठण्याची सवय लावावयाची आहे, ती साधेल का, अशी शंकाही तिने प्रांजळपणे नोंदविली. एमिलीचा सूर मात्र वेगळा होता. तिच्या मते गाँडलचे लोक पूर्वीइतकेच तेजस्वी होते आणि ती त्यांच्या पहिल्या युद्धांवर ग्रंथ लिहीत होती. एकाच जगाविषयी दोघींचे दोन अभिप्राय. परंतु दोघींनीही लेखणी खाली ठेवली नाही. नवे कागद १८४८ साली उघडावयाचे, असे ठरवून त्यांनी ते मिटले.

दरम्यान एक महत्त्वाचे काम शांतपणे पार पडले होते. फेब्रुवारी १८४४ मध्ये एमिलीने आपल्या विखुरलेल्या कविता दोन वह्यांत उतरून काढण्यास प्रारंभ केला आणि एक वही केवळ गाँडलच्या कवितांसाठी ठेवली. १८४५ च्या शरद ऋतूत तिच्या कवितांची एक वही शार्लटच्या दृष्टीस पडली. त्यातून १८४६ साली तिघी बहिणींच्या कवितांचे पुस्तक टोपणनावांनी, त्यांच्याच खर्चाने निघाले. पहिल्या वर्षी त्याच्या दोनच प्रती खपल्या. तथापि १८४७ साली शार्लटची ‘जेन एअर’, एमिलीची ‘वदरिंग हाइट्स’ आणि ॲनची ‘ॲग्नेस ग्रे’ या तीन कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या आणि इंग्रजी साहित्यात या घराचे नाव कायमचे कोरले गेले. काचनगर व गाँडल यांच्या बखरी लिहिताना वर्षानुवर्षे घटविलेला हातच या कादंबऱ्या लिहीत होता.

दैव मात्र निष्ठुर ठरले. ब्रॅनवेल व एमिली १८४८ साली निवर्तली, ॲन १८४९ साली, आणि शार्लट १८५५ साली. ज्या १८७४ सालाचे कुतूहल दोघी मुलींनी बाळगले होते, ते चौघांपैकी कोणालाच दिसले नाही. गाँडलच्या गद्य बखरीही आज उपलब्ध नाहीत. उरल्या आहेत त्या कविता व हे घडी घातलेले कागद.

या कागदांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. चाळीस वर्षांपुढचे स्वप्न हातून निसटले. चार वर्षांपुढचा कागद मात्र ठरल्याप्रमाणे उघडला गेला. शाळेचा संकल्प विद्यार्थिनींच्या येण्यावर अवलंबून होता. गाँडलचा संकल्प केवळ स्वतःच्या लेखणीवर. म्हणून पहिला बारगळला व दुसरा अपुरा राहूनही फळाला आला. आजही ज्यांना काल्पनिक देश रचण्याचा छंद आहे, त्यांना यातून मार्ग सापडतो. ‘यंदा संपूर्ण जग पुरे करीन’ हा संकल्प दिवाळीपूर्वीच विरतो. ‘यंदा एका नदीखोऱ्याचा नकाशा, तेथील सणांचे एक पंचांग आणि त्या लोकांच्या भाषेतील शंभर शब्द’ हा संकल्प पेलण्यासारखा असतो. तो तारीख घालून लिहावा, वर्षअखेरीस वाचावा आणि जे राहिले तेही खरेपणाने लिहावे. काल्पनिक देशाचा हिशेबसुद्धा खराच ठेवावा लागतो. एमिलीने आपली ढिलाई लपविली नाही आणि तिचे दुःखही करीत बसली नाही. तिने फक्त नियमाचा नवा कागद केला.

अभ्यास

१. काचनगरची पुस्तके आगपेटीएवढी का केली जात?
२. १८४५ साली गाँडलविषयी एमिली व ॲन यांच्या मतांत कोणता फरक होता?
३. शाळेचा संकल्प व गाँडलचा संकल्प यांत कोणता भेद होता, हे आपल्या शब्दांत सांगा.
४. आपल्या आवडीच्या छंदाविषयी पुढील एका वर्षाचा ‘नियमाचा कागद’ तयार करा. त्यावर आजची तारीख घालून तो जपून ठेवा व पुढील वर्षी याच दिवशी उघडा.