घडीचं पोस्टर

प्रश्न : मुलाने परदेशातल्या जुन्या बाजारातून क्यूबाचं एक पोस्टर आणलं. चित्र सुरेख आहे, पण घड्यांच्या उभ्या-आडव्या रेघा स्पष्ट दिसतात. शिवाय एकच मजकूर चार भाषांत बारीक अक्षरात छापलाय. कोणी निष्काळजीपणे दुमडलं असेल का? इस्त्री फिरवून पाहू का? — एक वाचक, मिरज

उत्तर : इस्त्री आधी बाजूला ठेवा! मजकूर स्पॅनिश, इंग्रजी, फ्रेंच आणि अरबीत असेल, तर तुमचं पोस्टर बहुधा ‘ओस्पाल’चं आहे, आणि त्याच्या घड्या छापखान्यातूनच आलेल्या असाव्यात.

जानेवारी १९६६ मध्ये आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतले प्रतिनिधी हवानाला जमले. या परिषदेतून तिन्ही खंडांतल्या मुक्तिलढ्यांना पाठिंबा देणारी ‘ओस्पाल’ ही संस्था निघाली. पुढच्या वर्षी तिचं ‘ट्रायकॉन्टिनेंटल’ हे नियतकालिक सुरू झालं. पोस्टर वेगळं पाठवायचं तर खर्च आला, नळकांडी आली. त्यापेक्षा घडी घालून नियतकालिकाच्या पोटात सरकवलं की अंकाबरोबर तेही देशोदेशी पोचायचं. वाचकाने अंक उघडायचा, घडी मोडायची आणि पोस्टर भिंतीवर लावायचं.

पण ज्याच्या हाती ते पडणार, त्याची भाषा कोणती? चार भाषा छापूनही कितीतरी वाचक उरतातच. म्हणून बोलण्याचं काम चित्रावर आलं आणि मजकूर आटला. चटक, सपाट रंग आणि लांबूनही ओळखू येईल असा एखादाच आकार, अशी ही शैली. एखाद्या देशाची प्राचीन मूर्ती घ्यायची आणि तिच्या हाती आजची बंदूक द्यायची, ही तर त्यांची लाडकी युक्ती.

एलेना सेरानो यांचं १९६८ चं पोस्टर पाहा. क्रांतिकारक चे गेव्हाराचा चेहरा मधोमध आहे, आणि त्याच्याभोवतीचे आकार टप्प्याटप्प्याने पसरत दक्षिण अमेरिकेचा नकाशा होतात. माणूस मारला गेला, पण लढा खंडभर पसरतोय, हे सांगायला शब्द लागत नाहीत. आल्फ्रेदो रोस्तगार्द यांनी १९६९ मध्ये खांद्यावर बंदूक असलेला येशू काढला. गनिमांना सामील होऊन १९६६ मध्ये मारले गेलेले कोलंबियाचे धर्मगुरू कामिलो तोरेस यांची ती आठवण. ‘शस्त्र धरणारा धर्मगुरू’ हा अख्खा वाद त्या एका चित्रात मावला.

मात्र चित्राच्या मोहात एक गोष्ट विसरू नये. व्हिएतनाम, पॅलेस्टाइन, अंगोला, दक्षिण आफ्रिका यांची बाजू घेणाऱ्या या संस्थेमागे क्यूबाचं सरकार उभं होतं. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियाच्या राजधानीत, प्रागमध्ये शिरले, तेव्हा क्यूबाचे नेते कास्त्रो यांनी त्याचं समर्थनच केलं. कोणाचा लढा आपला मानायचा, हा निर्णयही राजकीयच होता.

‘ओस्पाल’ २०१९ मध्ये बंद झाली. आता ही पोस्टरं संग्रहालयांत काचेआड दिसतात. तुम्हीही जरूर चौकट करून घ्या, फक्त थेट उन्हात टांगू नका, रंग उडतील. घड्या घालवण्याच्या फंदात मात्र पडू नका. टपालाचा शिक्का असलेलं पाकीट आपण धुऊन ठेवतो का?